सोलापूरला फास्ट लोकल हवी असेल तर आधी ‘पाथ’ मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूर–पुणे मार्ग दुहेरी झाला, वर विजेची तार आली, वंदे भारतही धावते. मग मुंबईसारखी एखादी फास्ट लोकल अडीच तासांत सोलापूरहून पुण्याला का जाऊ नये? तुम्ही स्वतः कुर्डुवाडीहून रोज सोलापूरला येता, धाकटा भाऊ हडपसरला नोकरीला आहे आणि शनिवार-रविवार गावी येतो. गावातली मंडळी मिळून रेल्वेला निवेदन देणार आहेत, त्यात नेमकं काय मागावं, असं तुम्ही विचारलंय.

माझी नोकरी रेल्वेच्या परिचालन विभागात झाली. त्यातली बरीच वर्षं कंट्रोलच्या, म्हणजे गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या कक्षाच्या, खुर्चीत आणि वेळापत्रकाच्या टेबलावर गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण निवेदन द्यायचंच आहे तर मागणी मागचा हिशोब कळलेला बरा.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमच्या एका प्रश्नात दोन गाड्या आहेत. तुम्हाला हवी आहे ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची गाडी: ऐंशी किलोमीटर, सकाळी ठरलेल्या वेळी पोचवणारी, पासावर चालणारी. भावाला हवी आहे ती अडीचशे किलोमीटरची जलद इंटरसिटी. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्यांच्या अडचणी वेगळ्या, त्यांचा निर्णय वेगवेगळ्या पातळीवर होतो, आणि त्या ‘सोलापूर–पुणे फास्ट लोकल’ या एका नावाखाली मागितल्या तर दोन्ही अडकतात. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक निवेदनांची गाडी इथंच अडली आहे.

आता अडीच तासांचं बघू. सोलापूर ते पुणे रेल्वेनं साधारण २६४ किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेस हे अंतर सुमारे चार तासांत कापते, म्हणजे सरासरी ताशी ६६. अडीच तास म्हणजे सरासरी १०५. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तिच्या वेळापत्रकातही सोलापूर–पुणे टप्प्याला तीन तासांच्या थोडं वर वेळ दिला होता, आणि मधे थांबा फक्त कुर्डुवाडीचा. म्हणजे या मार्गावर सगळ्यात भारी रेक (म्हणजे डब्यांचा संच) आणि सगळ्यात जास्त मान असलेल्या गाडीलाही अडीच तास जमलेले नाहीत. निवेदनात अडीच तास लिहिलेत तर वाचणारा अधिकारी पहिल्याच ओळीला कागद बाजूला ठेवेल.

रेक चांगला असून वेळ का लागतो, हे समजायला कंट्रोलचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या रेषेवर तास-मिनिटं, उभ्या रेषेवर स्टेशनं: सोलापूर, बाळे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण, दौंड. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावरची एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ उभट, मालगाडीची रेघ लोळलेली. या तक्त्यात एखाद्या गाडीला मिळालेली मोकळी तिरकी पट्टी म्हणजे तिचा ‘पाथ’. रुळ रिकामा दिसतो म्हणून पाथ असतोच असं नाही.

कुर्डुवाडी–सोलापूर ऐंशी किलोमीटर धरा. भरलेली मालगाडी सरासरी ५० नं आली तर तिला ९६ मिनिटं लागतात. एक्स्प्रेस ९० नं आली तर ५३. मालगाडी आठला कुर्डुवाडीहून निघाली आणि एक्स्प्रेस आठ-वीसला, तर पावणेनऊला मोहोळच्या अलीकडेच एक्स्प्रेस तिच्या पाठीला येऊन टेकते. दुहेरी मार्गाचा अर्थ जायला एक आणि यायला एक, एवढाच. एकाच दिशेच्या दोन गाड्यांना बाजूनं पुढं जायला तिथं जागा नाही. उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेल्या गाडीसारखंच, फक्त इथं उजवीकडून काढता येत नाही. मग मालगाडीला आधीच्या एखाद्या स्टेशनात लूप लाइनवर, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या रुळावर, घ्यावं लागतं.

हे लूपला घेणं बाहेरून सोपं वाटतं. मालगाडी जवळपास सातशे मीटर लांब. सांध्यावरून बाजूच्या लाइनला वळताना तिला साधारण ताशी ३० च्या आतच यावं लागतं, म्हणजे मागच्या ब्रेकव्हॅनसह ती पूर्ण आत यायलाच दोन-तीन मिनिटं जातात, त्याआधी वेग उतरवायला लागलेला वेळ वेगळा. ती पूर्ण आत आली, सांधे परत मुख्य लाइनला लागले, की मगच मागच्या गाडीला सिग्नल देता येतो. स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनकडून लाइन क्लिअर, म्हणजे पुढं गाडी सोडायची परवानगी, घेतो, एक्स्प्रेस न थांबता निघून जाते. ती पुढचं स्टेशन ओलांडेपर्यंत मालगाडी तिथंच. मग चार हजार टन वजन जागेवरून हलवायचं आणि पुन्हा वेग धरायचा. एका ओव्हरटेकला मालगाडीची वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. हे एकदा ठीक आहे. दिवसातून दहा जलद गाड्यांसाठी केलं तर माल वाहतूक कोलमडते, आणि आपल्या मार्गावर माल कमी नाही. होटगीजवळचा १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प कोळशावर चालतो. पलीकडं वाडी–शहाबादचा सिमेंटचा पट्टा आहे. या गाड्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणायचं तर कोणीतरी त्यांचा वेळ भरून द्यावा लागतो.

मुंबईत हे जमतं, कारण सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटरमध्ये स्लो आणि फास्ट लोकलना वेगळ्या जोड्या आहेत, चार लाइनी. फास्ट लोकल फास्ट असते ती तिच्या मोटरमुळं कमी आणि तिच्यापुढं स्लो लोकल नसल्यामुळं जास्त. दुसरं, तिथं ऑटोमॅटिक सिग्नल आहेत. दोन स्टेशनांच्या मधेच सिग्नलांची रांग असते, म्हणून एकामागं एक तीन-चार मिनिटांनी गाडी सुटते. जिथं दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी ही पद्धत असते आणि स्टेशनं नऊ-दहा किलोमीटरवर असतात, तिथं पुढची मालगाडी ते अंतर संपवेपर्यंत दहा-बारा मिनिटं मागच्या गाडीला निघताच येत नाही. म्हणून ‘मुंबईत आहे, मग आम्हाला का नाही’ हा मुद्दा निवेदनात घालू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार असतं.

बरेच जण दिल्ली–मेरठच्या नमो भारतचं उदाहरण देतात. तो मार्ग ८२ किलोमीटरचा, संपूर्ण स्वतंत्र, त्यावर मालगाडी नाही, एक्स्प्रेस नाही. गाड्या १६० नं धावतात. त्याचा पहिला १७ किलोमीटरचा टप्पा, साहिबाबाद ते दुहाई, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. मंजूर खर्च तीस हजार कोटींच्या वर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३७० कोटी. त्या भावानं सोलापूर–पुणे काढलं तर लाख कोटींच्या जवळ जातं. तिथं शहरातली उन्नत आणि भुयारी बांधणी आहे, आपल्याकडं माळरान आहे, त्यामुळं इतकं लागणार नाही. पण निम्मं धरलं तरी हा आकडा मोहोळ-माढ्याच्या प्रवासी संख्येवर कोणी मंजूर करणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

अहमदाबाद–भूज मार्गावर सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली नमो भारत रॅपिड रेल मात्र आपल्याला जवळची आहे. नाव सारखं असलं तरी ती नेहमीच्याच रुळावरून, बाकीच्या गाड्यांच्या मधून धावते. सुरुवातीच्या वेळापत्रकात तिला ३५९ किलोमीटरला पावणेसहा तास होते. सरासरी काढा: ताशी ६२. आपल्या हुतात्माच्याही किंचित खाली. रेक नवा कोरा, दरवाजे आपोआप बंद होणारे, डबे वातानुकूलित, आणि तरीही सरासरी तेवढीच, कारण मार्ग आणि पाथ जुनेच. म्हणून मी म्हणतो, रेकचं नाव मागू नका. पाथ मागा, म्हणजे ठरावीक मिनिटाला सुटणारी आणि ठरावीक मिनिटाला पोचणारी तक्त्यातली पट्टी, आणि तिला रोज राखलेला मान.

थांब्यांचं गणितही पाहून ठेवा, कारण निवेदनावर सह्या गोळा करताना प्रत्येक गाव आपला थांबा घालायला सांगणार. ११० नं धावणारी इंजिनाची गाडी थांबवायची, दोन मिनिटं उभी करायची आणि परत वेगावर आणायची, तर माझ्या ढोबळ हिशोबानं चार ते पाच मिनिटं जातात. मेमू, म्हणजे लोकलसारखी वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी, असेल तर अडीच-तीन मिनिटांत भागतं, कारण मोटारी गाडीभर वाटलेल्या असतात आणि ती चटकन उचल घेते. पुण्याच्या जलद गाडीला आठ थांबे दिलेत की अर्धा तास गेला, मग ती जलद राहिली कुठं? आणि याच कारणानं जवळच्या गाडीसाठी मी मेमूच सुचवतो.

भावाच्या गाडीची खरी अडचण दौंडच्या पुढं आहे. दौंडपर्यंत आपली लाइन, तिथं मनमाडकडचा मार्ग येऊन मिळतो, आणि पुढची ७५-७६ किलोमीटर सगळ्यांची मिळून. उत्तरेकडून नगरमार्गे येणाऱ्या गाड्या, दक्षिणेच्या गाड्या, दौंड–पुणे रोजचे पासधारक, सगळे याच दोन लाइनींवर. सकाळी आठ ते साडेदहा पुण्यात शिरायची तर बाहेर सिग्नलला उभं राहणं आलंच. त्यात पुणे स्टेशनात फलाट सहा आणि गाड्या त्याच्या मानानं फार. सोलापूर–दौंड तुम्ही कितीही पळवा, शेवटच्या टप्प्यात कमावलेली वीस मिनिटं फलाट मिळण्याची वाट बघण्यात जातात. कंट्रोलमध्ये बसून हे पाहताना जीव तुटायचा. गाडी जेऊरला वेळेच्या आधी असायची आणि पुण्याजवळ लोणीच्या पलीकडं उभी.

म्हणून जलद गाडी हडपसरला संपवा, असं माझं ठाम मत आहे. हडपसर टर्मिनस म्हणून विकसित केलं जातंय ते पुण्यावरचा भार उतरवण्यासाठीच. आणि सोलापूरकरांचा पुण्यातला मुक्काम कुठं आहे ते बघा: हडपसर, मांजरी, फुरसुंगी, मगरपट्टा. सोलापूरहून जाणारी एसटी असो की खासगी बस, निम्मी बस हडपसरच्या गाडीतळालाच रिकामी होते. रेल्वेला स्पर्धा या बसशी आहे, जी हायवेनं येऊन थेट हडपसरच्या दारात सोडते. पुणे स्टेशनला उतरून परत हडपसरकडं रिक्षानं यायचं म्हटलं तर भाऊ बसच धरणार. हडपसरला संपणारी गाडी शेवटचे फलाट चुकवते, रेल्वेलाही सोयीची पडते. सोलापूर, कुर्डुवाडी, जेऊर, दौंड, हडपसर, एवढे थांबे आणि तीन तास दहा मिनिटं. हे मागितलंत तर त्यावर चर्चा होऊ शकते. अट एक: हडपसर स्टेशनातून बाहेर पडल्यावर पीएमपीची (पुण्याची शहर बससेवा) बस समोर उभी पाहिजे. ते रेल्वेच्या हातात नाही, म्हणून त्याचं पत्र वेगळं द्या.

गाडी कोणत्या रेकनं चालवायची यावर अडून बसू नका, पण तो दिवसभर रिकामा उभा राहणार नाही एवढं सुचवा. इंद्रायणीचा रेक मुंबईहून पुण्याला येतो आणि तोच पुढं सोलापूर इंटरसिटी म्हणून धावतो, ही चाल आपल्याकडं आधीपासून आहे. असलेल्या रेकच्या मोकळ्या तासांत बसणारी मागणी नव्या रेकच्या मागणीपेक्षा किती तरी लवकर मान्य होते.

आता तुमची गाडी. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण हिच्याकडं कोणी बघतच नाही. सोलापूर–पुणे म्हटलं की वर्तमानपत्रात मथळा येतो. कुर्डुवाडी–सोलापूरला येत नाही. पण रोज ये-जा करणारा माणूस इथं आहे. माढ्याहून सिव्हिल हॉस्पिटलला येणारे, मोहोळहून विद्यापीठात येणारी मुलं, पाकणीच्या बाजूला चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारे. विद्यापीठ केगावला आहे आणि बाळे स्टेशन त्याच अंगाला. सकाळच्या गाडीला बाळ्यात एक मिनिट थांबा दिला तर त्या मुलांना सोलापूरला जाऊन पुन्हा बसनं मागं यावं लागणार नाही.

कुर्डुवाडीला रेल्वेचं महत्त्व कोणी सांगायला नको. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन तिथून निघाली, तेव्हापासून ते गाव जंक्शन आहे. आजही लातूर-बार्शीकडून आणि पंढरपूरकडून येणारे तिथंच उतरतात. सकाळी सव्वाआठच्या सुमारास कुर्डुवाडीहून मेमू, माढा, मोहोळ, पाकणी, बाळे असे चार थांबे, आणि साडेनऊच्या आत सोलापूर. हिशोब सांगतो: ऐंशी किलोमीटरची निव्वळ धाव पाऊण तासाच्या आसपास, चार थांब्यांची दहा-बारा मिनिटं, वर सात-आठ मिनिटं हातची. म्हणजे तास-पाच मिनिटं. संध्याकाळी सव्वासहाला परत. मधल्या वेळात तोच रेक अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड करत कलबुर्गीला जाऊन येऊ शकतो; अंतर एकशेदहा-बारा किलोमीटर, दुपारी भाविक आणि व्यापारी दोन्ही मिळतात. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तिथून पुढं बसची जोड लागेल, हे लक्षात असू द्या.

यात कशाकशावर अवलंबून राहावं लागतं तेही सांगतो. मेमूची देखभाल कुठं होणार हा पहिला प्रश्न. जवळ सोय नसेल तर साधा डब्यांचा रेक इंजिनासह चालवावा लागेल आणि थांब्यांचा वेळ वाढेल. रात्री कुर्डुवाडीत रेक उभा करायला रिकामी लाइन, पाणी, सफाई आणि कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली लागते. रुळ आणि तारेच्या दुरुस्तीला रोज काही तासांचा ब्लॉक द्यावाच लागतो, दुपारची फेरी त्यात सापडू शकते. आणि कोळशाची वाहतूक वाढली तर आज मोकळी दिसणारी पट्टी वर्षभरानं राहणार नाही. ऑटोमॅटिक सिग्नल आले तर उलट चित्र बरंच सुधारेल. म्हणून दूरची मागणी म्हणून दौंड–पुणे तिसऱ्या-चौथ्या लाइनीचा उल्लेख जरूर करा, पण एका ओळीत.

पासाचा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. मासिक पास सर्वसाधारणपणे १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. कुर्डुवाडी–सोलापूर त्यात बसतं. सोलापूर–पुणे बसत नाही, कुर्डुवाडी–पुणेही नाही. मुंबई–पुणे आणि मुंबई–नाशिक या मार्गांवर त्याहून लांबचे पास चालतात, तेव्हा लांबचा पास मागायला दाखला आहे. दौंड–हडपसरच्या पासधारकांना जलद गाडीत प्रवेश द्यायचा की नाही, हेही आधीच ठरवून मागा. दिला तर दौंडला डबे भरतील आणि भाऊ उभा राहून जाईल. माझ्या मते मागचे दोन डबे पासधारकांना राखावेत, बाकी आरक्षित.

निवेदन विभागीय रेल्वे व्यवस्थापक, सोलापूर यांच्या नावे द्या आणि प्रत विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांना. कुर्डुवाडी–सोलापूरची गाडी विभागाच्या हद्दीतली, तिचा प्रस्ताव इथूनच वर जातो. हडपसरची मागणी मुंबईला मुख्यालयापर्यंत जाणार, त्यात पुणे विभागाचाही होकार लागतो, म्हणून तिचा कागद वेगळा. नवं वेळापत्रक येण्याच्या कित्येक महिने आधी ही कामं सुरू होतात. पत्रक छापून आल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या खेपेपर्यंत पडून राहतं.

सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा एक तक्ता जास्त उपयोगी पडतो. एका आठवड्यात माढा, मोहोळ, पाकणी, कुर्डुवाडी इथून सकाळी सोलापूरला कोण, कितीला निघतं, कितीला पोचायचं असतं, कुठं जायचं असतं, सध्या कशानं जातात आणि महिन्याला किती खर्च होतो, हे घरटी विचारून लिहून काढा. कॉलेजची मुलं हे काम हौसेनं करतात. विशेषतः पोचायची वेळ नीट लिहा, कारण सगळ्या गाडीचा पाथ तिथून मागं मोजत काढायचा असतो: नऊ-वीसला सोलापूर पाहिजे की पावणेदहाला, यावर तिच्यापुढं कोणती गाडी आहे आणि मागून कोणती येते, सगळं बदलतं. तो तक्ता तयार झाला की मला पाठवा. सकाळच्या गाड्यांच्या वेळा शेजारी मांडून कुठली पट्टी मोकळी निघते ते मी काढून देतो, म्हणजे निवेदनात थेट मिनिटासह वेळ लिहिता येईल.